आधी चेहरा, मग धुकं

आरशावर वाफ धरली, की पडदेवाले ती पुसत नाहीत. हातात वस्तरा घेऊन तसेच उभे राहतात, वाफ आपोआप विरेपर्यंत. मग दाढी. ही बातमी फोडली त्यांच्या थोरल्या बहिणीनं. तिला सगळी गल्ली ताई म्हणते, आणि ताईंच्या पोटात एखादी बातमी फार वेळ राहिली तर त्यांना पित्त होतं. भूत बघितल्यासारखा उभा असतो, असं त्यांनी सांगितलं, आणि विचारलं तर म्हणतो, कापेल म्हणून जपतोय. आता भूत म्हणणं जरा जास्त झालं. पण ताई अगदीच वावगं बोलत नव्हत्या.

आधी नावाचं सांगायला हवं, नाहीतर तुमचाही त्या नव्या भाडेकरू बाईंसारखा घोटाळा व्हायचा. त्या बाई खिडक्यांची मापं चिठ्ठीवर लिहून पडदेवाल्यांच्या दारात आल्या आणि निळ्या फुलांचं कापड आहे का विचारू लागल्या. ताईंनी त्यांना बसवलं, चहा पाजला, त्यांच्या सुनेचं माहेर, आजारपण आणि स्वभाव एवढं सगळं काढून घेतलं, आणि मग सांगितलं की ह्या घरात खिडकीचे पडदे मिळत नाहीत, पडद्यातले पडदे मिळतात.

म्हणजे असं. सिनेमात कुणी कम्प्युटरसमोर येऊन बसलं, की त्या कम्प्युटरवर जे काही चमकतं, धावतं, लाल होतं, ते सगळं पडदेवाल्यांच्या हातचं. बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मुलाचं अक्षर बापाहून बरं, म्हणून एका स्टुडिओनं त्याला उचललं. त्या काळी सिनेमातला कम्प्युटर म्हणजे पुठ्ठ्याचं कपाट. त्याला भोकं पाडायची, भोकांत दिवे बसवायचे, आणि मागे उकिडवं बसून ते उघडझाप करायचे. पुढे खरी यंत्रं आली, पण काम तेच राहिलं. अक्षरं हिरवी का? तर कॅमेऱ्याला काळ्यावर हिरवं सोसायचं म्हणून. काम पुरं होत आल्याचा पट्टा नव्व्याण्णवावरच का अडतो? तर पहिल्यांदा तो अडवला तेव्हा नायकाचं एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. नायिका कळफलक बडवते तेव्हा ती कुठलीही कळ दाबो, पुढचं ठरलेलंच अक्षर उमटतं. ती सोय पडदेवाल्यांनी केलेली. एका नटानं तर कोपरानं टायपिंग केलं होतं आणि त्यातून बॉम्ब निकामी झाला होता.

गल्लीला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी काहीच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात नवा कम्प्युटर आला, तेव्हा तो आवाज करत नाही म्हणून इस्त्रीवाल्यानं आपल्या रक्ताचा रिपोर्ट घ्यायला नकार दिला. बँकेत एक आजोबा कारकुनाला म्हणाले होते, तो हिरवा पट्टा मला दाखव, मगच मी सही करीन. आणि पडदेवाल्यांकडे लोक अशा नजरेनं बघत, की हा माणूस मनात आणील तर शहराचे दिवे घालवील. प्रत्यक्षात ते स्वतःच्याच फोनचं कुलूप विसरून दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर बसून होते. ही बातमीही ताईंनीच वाटली. पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मोठी माणसं असं साधेपण दाखवतातच, लोक म्हणाले.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे एका खूनपटातला एक प्रसंग. पोलिसातली एक तरतरीत पोरगी खुनाच्या रात्रीचा फोटो पडद्यावर घेते. फोटोत मागे खिडकीची काच, काचेत एक डाग. ती म्हणते, अजून जवळ. अजून. आता साफ कर. आणि त्या डागातून, धुकं हटावं तसा, हळूहळू एक चेहरा वर येतो. खुनी.

तो चेहरा पडदेवाल्यांचाच होता. खुन्याचं काम करणारा नट त्या दिवशी रुसून घरी बसला होता, म्हणून जागा धरायला त्यांनी आपला फोटो लावला. पुढे नटाचा रुसवा निघाला, पण दिग्दर्शकाला हाच चेहरा आवडला. म्हणाला, ह्याच्यात काहीतरी गुन्हेगारासारखं आहे. अख्खी गल्ली सिनेमाला गेली. कितीतरी दिवस दूधवाला 'खुनीसाहेब, दूध' अशी हाक देत असे, आणि पडदेवाले वरवर चिडत, आतून फुलत.

त्या दिवशी थिएटरात शिवणबाईही होत्या, आपल्या यजमानांबरोबर.

शिवणबाई समोरच्या इमारतीत तळमजल्यावर कपडे शिवतात. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करत. अबोल माणूस. चाळीस घरांच्या इमारतीत दिवसभर काम करून एकाही घरातलं भांडण त्यांनी कधी बाहेर सांगितलं नाही, म्हणून ताईंचा त्यांच्यावर कायमचा राग. तर हे लिफ्टवाले एका सकाळी डबा घेऊन कामावर गेले आणि परत आले नाहीत. शोधाशोध झाली. एका उंच इमारतीच्या लिफ्टखोलीत त्यांची हत्यारांची पिशवी सापडली. हत्यारं पुसून, ओळीनं लावलेली. लिफ्ट व्यवस्थित चालत होती. स्वतः मात्र ते जिन्यानं उतरून गेले होते.

भांडण नव्हतं, दारू नव्हती, आजार नव्हता. गल्लीनं आपल्या परीनं सगळं तपासून बघितलं आणि काही हाती लागेना, तेव्हा ती शिवणबाईंवरच जराशी नाराज झाली.

मग पोलिसांना एक चित्र मिळालं. बसस्थानकाच्या खांबावरच्या कॅमेऱ्यातलं. एक माणूस शेवटच्या फलाटाकडे चालत जातो, थांबतो, वळतो, मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघतो. काही क्षण तसाच उभा राहतो. मग चौकटीच्या बाहेर. ज्या क्षणी तो वर बघतो, तेवढा कागदावर छापून त्यांनी शिवणबाईंना दिला, आणि ह्यापुढे आमच्या हातात काही नाही म्हणून सांगितलं.

तो कागद घेऊन त्या पडदेवाल्यांच्या घरी आल्या. ताईंनी दार उघडलं आणि, ही गोष्ट नोंद करण्यासारखी आहे, एकही प्रश्न न विचारता बाजूला झाल्या.

"दादा, एवढं साफ करून द्या," शिवणबाई म्हणाल्या.

पडदेवाल्यांनी कागद बघितला. लांबवर उभा असलेला माणूस, चौकड्यांचा शर्ट असावा असं काहीतरी, आणि मानेच्या वर राखाडी डाग. पोलीस काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. शिवणबाईंनी सांगितलं, की ते म्हणाले ह्यातून काही निघणार नाही. मग शिवणबाईंनी त्यांना ऐकवलं होतं, की सिनेमात ती पोरगी दोन कळा दाबून काढते, तुम्हाला इतकी माणसं कशाला लागतात. तर ते हसले होते.

"पण हे तेच आहेत ह्याची खात्री काय? चेहराच नाही," पडदेवाले म्हणाले.

"शर्ट मी शिवलाय. डावी कॉलर चुकली होती माझी, ती कधी बसली नाही. बघा, उभी आहे. माणूस कोण, ते मला ठाऊक आहे, दादा. मला तोंड बघायचंय. जाताना हसत होते, की रडत होते, की नुसतेच." इथे त्या थांबल्या. "तुमचा तो सिनेमा आम्ही जोडीनं बघितला. तुमचा चेहरा वर आला तेव्हा हे माझ्या कानाशी म्हणाले, आता माणूस कुठे लपू शकत नाही. त्यांना ठाऊक होतं, खांबावर कॅमेरा असतो. म्हणूनच वळले. मला दाखवायला वळले. बोलायचं त्यांना जमत नव्हतं, तुम्हाला माहीत आहे."

आता अशा वेळी शहाण्या माणसानं काय म्हणावं? नाही म्हणावं. पडदेवाल्यांनी कागद उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, बघू या काय होतं ते. एवढ्या वर्षांचा फुगलेला माणूस. हवा काढायची म्हटली तरी कुठून काढणार?

त्यांनी चित्र यंत्रात घेतलं आणि मोठं केलं. डागाचे चौकोन झाले. अजून मोठं केलं, तर तेच चौकोन आणखी मोठे झाले. एक जरा काळा, दुसरा त्याहून जरा उजळ. काळा चौकोन म्हणजे डोळा असेल, मिशी असेल, किंवा कॅमेऱ्याच्या काचेवर माशीनं केलेली घाण असेल. जे कॅमेऱ्यानं टिपलंच नाही, ते कुठून आणणार? हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं लोक 'तुम्हाला येतं' म्हणत आले की आत कुठेतरी माणसालाही वाटायला लागतं, येत असेल.

पुढचे काही आठवडे त्यांनी रस्ता बदलून जायला सुरुवात केली. पण गल्ली ती केवढी. शिवणबाई खिडकीत दिसायच्याच. मशीनवरून मान वर करून विचारायच्या, "दादा, पट्टा कुठवर आला?"

"चालू आहे," असं म्हणून पडदेवाले पाय उचलायचे.

घरी ताई मागे लागल्या. तिला खरं काय ते सांगून टाक, नाहीतर ती बाई त्या खिडकीतच म्हातारी होईल, म्हणाल्या. शेवटी एका सकाळी ते गेले. शिवणबाई कुणाच्या तरी झग्याचा घेर दुमडत होत्या, ओठांत टाचण्या धरलेल्या. पडदेवाल्यांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. सिनेमात ती पोरगी साफबिफ काही करत नाही. आपल्याकडे आधी स्वच्छ फोटो असतो. तो आपण जरासा पुसट करतो, मग आणखी पुसट, मग आणखी, असं करत करत त्याचा डाग होतो. आणि मग ती सगळी चित्रं उलट्या क्रमानं चालवायची. बघणाऱ्याला वाटतं डागातून चेहरा आला. खरं तर चेहऱ्याचाच डाग झालेला असतो.

शिवणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ओठांतल्या टाचण्या एकेक काढून मशीनवरच्या टाचण्यांच्या गादीत खोचल्या.

"म्हणजे चेहरा आधी असतो," त्या म्हणाल्या.

"सिनेमात."

"आणि धुकं नंतर कुणीतरी घालतं."

"अहो, सिनेमात. तेच तर सांगतोय."

"मग ह्यांच्यावर कुणी घातलं?"

पडदेवाले हसले. हसायला नको होतं. पण त्यांना वाटलं त्या थट्टा करतायत. शिवणबाईंच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. एखादं उसवलेलं टोक सापडावं आणि आता सगळी शिवण कळावी, तसा तो चेहरा होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या बसस्थानकावर जायला लागल्या. कॅमेऱ्याच्या खोलीत बसणाऱ्या माणसाकडे त्यांनी स्वच्छ प्रत मागितली. तो म्हणाला, हीच प्रत. त्या म्हणाल्या, ही पुसलेली. पुसायच्या आधीची द्या. तो वैतागला, मग घाबरला, मग त्यानं आपली बदली मागून घेतली. झालं, पळाला म्हणजे पाणी मुरतंय, हे गल्लीला कुणी वेगळं सांगायला नको होतं. आणि गल्लीनं सिनेमे काही कमी बघितलेले नव्हते. खरा फोटो कुणीतरी दाबून ठेवतो, खोटा पुढे करतो, आणि शेवटी तो दाबणारा नायकाच्या ओळखीचाच निघतो, हे सगळ्यांना पाठ होतं.

ह्याच दिवसांत शिवणबाईंनी पडदेवाल्यांना वाण्याच्या दुकानासमोर गाठलं. भोवती चार माणसं होती. त्यांनी अगदी सहज विचारलं, "दादा, असं बेमालूम पुसायचं काम इथे कुणाकुणाला येतं?"

आणि आमचा हा भोळा गर्विष्ठ माणूस छाती पुढे काढून म्हणाला, "माझ्याशिवाय कुणाला येणार?"

वाण्याच्या हातातली पुडी बांधायची थांबली. पडदेवाल्यांना काय बोलून बसलो ते घरी पोचल्यावर कळलं, तेही ताईंनी कपाळाला हात लावल्यावर.

त्यानंतर दूधवाला नुसती घंटा वाजवून जायला लागला. खुनीसाहेब म्हणणं बंद. इस्त्रीवाल्यानं कपडे दारात ठेवले, हातात दिले नाहीत. गल्लीत मतं तयार झाली. लिफ्टवाल्यांना पडदेवाल्यांचं काहीतरी गुपित कळलं होतं, हे एक मत. चित्रात लिफ्टवाल्यांच्या शेजारी एक बाई होती आणि तिला तर समूळ पुसून टाकलंय, हे दुसरं. ती बाई कोण ह्यावर बरीच चर्चा झाली आणि त्यातला एक निष्कर्ष ताईंपर्यंत पोचायला जरा वेळ लागला, कारण ती बाई म्हणजे ताई होत्या. एकसष्ट वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या ताई. जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्या वाटणाऱ्या बाईवर स्वतःच बातमी व्हायची वेळ आली. त्यांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं, आणि त्यातला एक दिवस त्या आरशासमोर जास्त वेळ होत्या असं म्हणतात, ते सोडा.

पण शिवणबाईंचं मात्र काही हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. हातातली कामं पडून राहिली. झग्याला बाह्या उलट्या लागल्या. त्या खिडकीत बसत आणि समोरच्या इमारतीतल्या एकाच दाराकडे बघत. रागानं नव्हे. वाट बघावी तसं.

"एक चेहरा काढून दे तिला आणि मोकळा हो," ताई शेवटी म्हणाल्या. "तुझ्या धंद्यात खरं काय असतं? हसणारा दे. बिचारी जेवेल तरी."

सुट्टीचा दिवस होता. पडदेवाल्यांनी लिफ्टवाल्यांचा जुना, स्वच्छ फोटो घेतला. इमारतीच्या कसल्याशा समारंभात गल्लीतल्या सगळ्यांचे काढले होते, त्यातला. पद्धत हातची होती. चेहरा वर वळवला, ओठांचे कोपरे जरा उचलले, डोळ्यांच्या कडांना सुरकुती दिली. जाणारा माणूस जसा समजूत घालायला हसतो, तसं हसू. छान जमलं. मग ते एकेक पायरी पुसट करत नेलं, अगदी त्या कागदावरच्या डागापर्यंत. शेजारी खरा डाग ठेवला. तंतोतंत. त्यांचं त्यांनाच क्षणभर वाटलं, अरे, म्हणजे माणूस हसतच होता.

तो आनंद त्यांना पचला असता तर गोष्ट इथेच संपती. पण कारागीर माणसाला एक खोड असते, दुसऱ्या बाजूनंही तपासून बघायची. त्यांनी त्याच चेहऱ्यावर रडू काढलं. हनुवटी थरथरते तिथली सावली, ओले डोळे. पुसत पुसत नेलं. तोच डाग. मग चिडलेला चेहरा काढला, जबडा आवळलेला. तोच डाग. डोळे मिटलेला. तोच. त्यांनी खूनपटातला आपला फोटो शोधून काढला आणि तोही पुसायला घेतला. नाक गेलं, भुवया गेल्या, ते गुन्हेगारासारखं जे काही होतं तेही गेलं, आणि शेवटी पडद्यावर चौकड्यांच्या शर्टाच्या वर बसेल असा तोच राखाडी डाग त्यांच्याकडे बघत राहिला.

ताई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हा कोण?

पडद्यावर कुठलं चित्र लावलं होतं तेच पडदेवाल्यांना त्या घटकेला आठवेना. हसणारा, रडणारा, का आपण स्वतः? आतापर्यंत त्यांनी चेहरा धुक्यातून वर काढला होता, तो टाळ्यांसाठी. धुक्यात शिरून परत न येणारे चेहरे त्यांनी आज पहिल्यांदा बघितले.

त्यांनी शिवणबाईंना बोलावणं पाठवलं. त्या पदराला हात पुसत आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. पडदेवाल्यांनी कसलीच प्रस्तावना केली नाही. हसणारा चेहरा लावला. शिवणबाईंचा हात तोंडाशी गेला. मग तो चेहरा पुसत पुसत डाग झाला. मग रडणारा लावला. तोही डाग झाला. मग चिडलेला, मग मिटल्या डोळ्यांचा.

"ह्यातला खरा कुठला?" शिवणबाईंनी विचारलं.

"एकही नाही. हे सगळे मी काढलेत."

शिवणबाईंनी कागदावरचा डाग पडद्याशेजारी धरला. पुन्हा एकदा सगळे लावायला सांगितले. लावले. मग, ताईंना ज्याची भीती होती तेच त्यांनी मागितलं. तुमचा लावा, म्हणाल्या. पडदेवाल्यांनी आपला चेहरा लावला आणि तो विरू दिला.

"म्हणजे तिथे तुम्ही उभे असता, तरी हेच दिसलं असतं."

"हेच."

"मी असते तरी?"

"तरी."

ताईंनी चहा आणला, तो निवला. मग शिवणबाई पडद्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांना हे ठाऊक नव्हतं ना?"

पडदेवाल्यांनी निवलेला कप उचलून पुन्हा खाली ठेवला.

"त्यांना वाटलं, मी बघणार. एवढा वेळ उभे राहिले. तोंडावर काहीतरी आणलं असेल माझ्यासाठी, आणि मग गेले." त्यांनी कागदाची घडी घातली. "तुमच्या त्या सिनेमामुळे वळले, दादा. नाहीतर पाठच दिसली असती."

हा आरोप होता की आभार, हे पडदेवाल्यांना त्या वेळी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. त्यांनी विचारलं, ह्यातला एखादा चेहरा छापून देऊ का. शिवणबाईंनी मान हलवली. सगळे पुसून टाका म्हणाल्या, आणि पुसून होईपर्यंत उभ्या राहिल्या. हसणारा जाताना मात्र त्यांनी दुसरीकडे बघितलं.

गल्ली खाली वाटच बघत होती. वाण्याच्या बायकोनं विचारलंच. शिवणबाई म्हणाल्या, साफ झाला. पडदेवाल्यांनी साफ करून दाखवला. उगाच त्या माणसाला बोल लावला आपण.

मग काय होतं तोंडावर, वाण्याच्या बायकोनं विचारलं. हसत होते का?

"ते माझ्यासाठी होतं," शिवणबाई म्हणाल्या आणि घरात जाऊन मशीनवर बसल्या. त्या दिवशी मशीन चालू झालं ते ऐकून गल्लीतल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. झग्याच्या बाह्या सरळ लागल्या. गल्लीचं समाधान झालं नाही, पण तिची बोलती बंद झाली, आणि असा प्रकार ह्या गल्लीत पूर्वी घडलेला नव्हता.

इस्त्रीवाल्यानं कपडे हातात दिले. दूधवाल्याला पुन्हा वाचा फुटली. पडदेवाल्यांनी ताईंना बजावलं होतं, की खरं काय झालं ते ह्या घराबाहेर जाता कामा नये. ताईंनी पित्त सोसलं, पण शब्द पाळला. आता मला कुठून कळलं म्हणून विचारू नका.

पुढच्याच आठवड्यात दारात एक माणूस उभा राहिला. भुसार मालाच्या गोदामात पोती मोजणारा. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. शिवणबाईंचं कळलं म्हणून आलो, म्हणाला. पडदेवाल्यांनी त्याला उंबऱ्यावरच सांगायला घेतलं, की हे सगळं सिनेमातलं असतं, खऱ्या आयुष्यात धुक्यातून काही निघत नाही, कारण...

"पण त्या बाईंचं निघालं ना?" तो म्हणाला.

समोर खिडकीत शिवणबाई होत्या. मान खाली, पाय मशीनवर. त्यांना इथलं सगळं ऐकू जात असणार. गल्ली ती केवढी. त्यांनी वर बघितलं नाही. फक्त मशीन थांबलं.

पडदेवाल्यांना वाटलं, आपण नाही म्हणालो, तर ह्या क्षणी त्या खिडकीत एक माणूस पुन्हा पाठ करून निघून जाईल.

"निघालं," ते म्हणाले.

मशीन सुरू झालं. माणूस आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि त्यानं कापड उलगडलं. कुणाच्या तरी लग्नातला फोटो होता. भरपूर माणसं, दाटीवाटीनं उभी. आईचा दुसरा एकही फोटो नाही, तो म्हणाला, मी अगदी लहान असताना गेली, चेहरा आठवत नाही. मग त्यानं मागच्या रांगेतल्या एका जाड्या पाहुण्याच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"ह्यांच्या मागे आहे ती," तो म्हणाला. "ह्यांना जरा बाजूला करा."